नाव आधी, मुलाखत नंतर

थर्मन पेटीग्रूने जन्मात कोणाचं गुपित फोडलं नाही. पण अमेरिकेतल्या टोलेडोच्या फुटबॉल संघाचा नवा कोच कोण होणार, हे वर्तमानपत्राच्या आधी त्याच्या नखांना कळायचं. एकतीस वर्षं तो तिथे मैदानाचा माणूस. गवत कापायचं, रेघा मारायच्या, बर्फ लोटायचा, आणि कचेरीच्या दाराशी गाडी लावायची जी पहिली जागा, तिच्यावर मुख्य कोचचं नाव रंगवायचं. कोचला काढलं की नाव काळ्या रंगाखाली घालायचं, नवा आला की वर पांढरं चढवायचं. असे अकरा कोच त्याने चढवले नि उतरवले. रंगावर रंग बसून ती जागा एवढी फुगली होती की गाडी लावताना चाक जरासं वर उचलायचं.

"नव्या माणसाला वाटतं, आपण उंचीवर आलो," थर्मन बायकोला सांगायचा. "त्याला काय ठाऊक, खाली अकराजण झोपलेत!"

त्या साली संघ सतरा सामन्यांपैकी तेरा हरला आणि जानेवारीत कोचला नारळ मिळाला. मंगळवारी कचेरीतल्या डॉटीबाईंनी थर्मनच्या हातात पिवळी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर नाव होतं व्हॅनडरस्लाइस. थर्मनने इंग्रजी अक्षरांचे पत्र्याचे साचे काढले, बोटांवर मोजले, आणि म्हणाला, "अकरा अक्षरं! बाई, ह्याला दोन गाड्यांची जागा द्या."

"जे काय करायचं ते आजच कर," डॉटीबाई म्हणाल्या. "गुरुवारपासून बर्फ आहे, आणि सोमवारी फोटोवाले येणार."

ही घाई थर्मननेच शिकवलेली. मागच्या खेपेला ऐन गारठ्यात घाईने नाव रंगवलं, रंगाने जमीन धरली नाही, आणि फोटोच्या दिवशी अर्धा कोच चाकाला चिकटून गेला. तेव्हा त्याने मालकांना, ओगलव्हीसाहेबांना, तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, रंगाला दोन कोरडे दिवस लागतात. रंग तुमच्या पगारावर नाही."

तर नाव मंगळवारी चढलं. आता लीगचा नियम असा की मुख्य कोच नेमण्याआधी बाहेरच्या दोन तरी उमेदवारांना, जे गोरे नाहीत त्यांना, समोर बसवून मुलाखत घ्यायची. समोर बसवायचं असं नियमात आहे, ऐकायचं असं काही नाही. पहिल्याला बुधवारी व्हॅनमधून मागच्या दाराने आणला आणि मागच्याच दाराने पोचवला. दुसरा गुरुवारी यायचा होता.

बुधवारी संध्याकाळी थर्मन घरी आला तर स्वयंपाकघरात सणावारासारखी गडबड. बायकोने, अर्नेस्टीनने, रश्श्यातल्या चॉप्सची तयारी मांडली होती आणि पीचचा गोड पदार्थ भट्टीत होता.

"कोण मेलं की कोणाचं लग्न?" थर्मनने विचारलं.

"कॉर्नेलचा फोन होता! उद्या तुझ्याच साहेबांकडे मुलाखतीला येतोय आपला कॉर्नेल!"

कॉर्नेल बॅस्किन वीस वर्षांपूर्वी ह्याच संघातून खेळायचा. दर रविवारी ह्याच टेबलाशी बसून एकटा चौघांचं जेवायचा. आता दुसऱ्या संघात बचावफळी शिकवत होता, आणि त्याचं शिकवणं सगळ्या लीगमध्ये नावाजलेलं. मुख्य कोचपदासाठी त्याला पाच ठिकाणी बोलावून झालं होतं, आणि पाचही ठिकाणांहून तो छान गप्पा मारून परत आला होता.

"म्हणाला, काकू, ह्या वेळी मालकाने स्वतः फोन केला, ह्या वेळी खरं वाटतंय. दोनशे पानांची फाईल केलीय त्याने, थर्मन. दोनशे!"

थर्मन नको तितका वेळ हात धूत राहिला. अर्नेस्टीनने त्याचा हात उजेडात धरला. नखांत पांढरा रंग होता.

"कोणाचं?" तिने विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"अकरा अक्षरी आहे," थर्मन म्हणाला.

ती खुर्चीत बसली. भट्टीतलं पीच करपायला लागलं तरी उठली नाही.

"पुसून टाक."

"पुसून काय तो कोच होणार आहे? माझी नोकरी जाईल तेवढी."

"कोच होऊ दे नाहीतर नको. पण दोनशे पानं काखेत धरून पोराने दुसऱ्याच्या नावावरून चालत जायचं? तू माणूस आहेस की पत्र्याचा साचा?"

गुरुवारी थर्मन उजाडायच्या आत मैदानावर गेला, देवाचा बर्फ पडेल ह्या भरवशावर. पण देव त्या दिवशी साहेबांच्या बाजूने. आभाळ लख्ख, ऊन असं की जानेवारीत कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने ट्रॅक्टर काढला, इमारतीमागे मागच्या आठवड्याचा काळा पडलेला बर्फ होता तो उचलून आणला आणि कोचच्या जागेवर ओतला. सगळा वाहनतळ झाडून लख्ख, आणि नेमक्या पहिल्या जागेवर कमरेएवढा ढीग!

डॉटीबाईंनी खिडकी उघडली. "थर्मन, हे काय?"

"बर्फ, बाई."

"ते दिसतंय. पण तिथेच कसा पडला?"

"लहरी असतो."

दहा वाजता कॉर्नेल भाड्याच्या गाडीतून आला. नवा कोट, काखेत फाईल. ढिगाशेजारी फावडं धरून पहाऱ्याला उभा असलेला थर्मन बघून हसायला लागला. "काका, कोणाला पुरलंत?"

"कोणाला नाही. तू आत जा, थंडी आहे."

थंडी कसली, ऊन ढिगाला खात होतं. कडेने पाणी वाहत होतं आणि एका टोकाला पांढरा व्ही तोंड वर काढत होता. थर्मनने त्यावर बूट ठेवला. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला ई उघडा पडला. माणसाला पाय दोनच, आणि ते एवढे लांब जात नाहीत.

कॉर्नेलने फाईल गाडीच्या टपावर ठेवली, काकाच्या हातातलं फावडं घेतलं आणि सगळा ढीग बाजूला केला. नाव वाचलं. बराच वेळ वाचलं.

"रंग कधीचा?"

"मंगळवारचा," थर्मन म्हणाला. त्याला वर बघवेना. "तुला आत जायच्या आधी दिसू नये म्हणून..."

"अक्षरं अजून सरळ काढता, काका." कॉर्नेलने कोटावरचा बर्फ झटकला. "मागच्या मुलाखतीला तर तिथल्या मालकाने माझ्या हातात गाडीची किल्ली दिली होती. त्याला वाटलं, मी गाड्या लावणारा." मग काहीतरी सुचल्यासारखा तो फाईल घेऊन गाडीत बसला आणि ती नेमकी नावावर नेऊन उभी केली. एका बाजूने व्हॅन बाहेर, दुसऱ्या बाजूने आइस.

मग तो मुलाखतीला वर गेला आणि वीस मिनिटांत खाली आला. बरोबर ओगलव्हीसाहेब; कॉर्नेलने अदबीने म्हटलं होतं, गाडीपर्यंत सोडायला चला ना. साहेब माणूस वाईट नव्हता. ऐकायची सवय नव्हती, एवढंच.

"कोचच्या जागेवर लावली, साहेब," कॉर्नेल म्हणाला. "तुम्हीच फोनवर म्हणालात, जागा रिकामी आहे."

साहेबांनी गाडीची एक बाजू पाहिली. दुसरी पाहिली. मग थर्मनकडे अशा नजरेने पाहिलं की शहाण्या माणसाने काय ते समजावं. "थर्मन, ही तुझी काहीतरी चूक झालेली दिसते."

वर खिडकीत डॉटीबाई उभ्या होत्या. थर्मनच्या खिशात पिवळी चिठ्ठी होती. आणि एकतीस वर्षांची नोकरीही त्याच खिशात होती म्हणा ना.

"चूक माझीच, साहेब," तो म्हणाला. साहेबांचे खांदे सैल झाले. "रंगाला दोन कोरडे दिवस लागतात, हे मीच तुम्हाला सांगितलं. तोंड मिटून बसलो असतो तर तुम्ही आधी मुलाखत घेतली असती आणि मग चिठ्ठी दिली असती. ही बघा, तारीख आहे तिच्यावर."

साहेब आधी पांढरे झाले, मग लाल. लीगचा दंड त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असणार. घसा खाकरून म्हणाले, "कोच, आपलं बोलणं कुठे संपलं होतं? चला वर. ती फाईल घ्या."

"दोनशे पानं आहेत, साहेब."

"मग जेवणच मागवू."

पावणेचार तास बसवलं कॉर्नेलने त्यांना. डॉटीबाई सांगत होत्या की दीडशेव्या पानापर्यंत साहेब घाबरून ऐकत होते, आणि पुढची पन्नास खुर्ची ओढून, स्वतःच प्रश्न विचारत.

कोच व्हॅनडरस्लाइसच झाला. खोटं कशाला सांगू? थर्मनची नोकरी मात्र राहिली. ज्याच्या खिशात तारखेची चिठ्ठी असते त्याला कोणी नारळ देत नाही. पण साहेबांनी हुकूम काढला की नाव ताबडतोब काळं करा, आणि करारावर सही झाल्यावर परत काढा. सही रविवारी झाली, मरणाच्या थंडीत. थर्मनने अकराही अक्षरं मुकाट्याने काढली. सोमवारी फोटोवाले आले तोवर नुसतं 'अँडर' उरलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी चॉप्स तीनदा गरम झाले. कॉर्नेल चौघांचं जेवला आणि दारात कोट चढवताना म्हणाला, "काका, माझं बॅस्किन सहाच अक्षरांचं आहे. रंग कमी लागेल."

दुसऱ्या दिवशी थर्मनने सहा साचे रॉकेलने घासून पुसले आणि बाकीच्यांपासून वेगळ्या खिळ्याला टांगले. डॉटीबाईंनी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "मुलाखत झालीय ना ह्याची, पुरती. चिठ्ठी काय, नंतर येईल."