आत्याची लढाईची पोथी

माझी आत्या कादंबरीलाही हळदकुंकू वाहायची. मेडशीला तिच्या अंगणात दुपारी गल्लीतल्या बाया तूर निवडायला जमायच्या आणि आत्या चौरंगावर पुस्तक ठेवून खणखणीत आवाजात वाचायची. प्रकरणाला ती अध्याय म्हणे. सुरू केलेला अध्याय अर्धवट सोडायचा नाही आणि संपल्यावर साखर वाटायची, हे दोन नियम मोडायची कुणाची टाप नव्हती. गावाने तिचं नाव पोथीआत्या पाडलं होतं आणि तिला ते भारी आवडायचं.

पुस्तकं मी वाशीमच्या वाचनालयातून न्यायची. पातळ पुस्तक दिसलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं. "हे तं चहा उकयेपर्यंत संपन व!" म्हणून एकदा चांगली जाडजूड, लढाईवरची कादंबरी नेली. एक घर, तीन भाऊ, तिघेही फौजेत. नेताना जरा धाकधूक होतीच, कारण आत्याचा एकुलता एक गजू तेव्हा फौजेच्या भरतीची तयारी करत होता. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात मायलेक दोघंच. गजू पहाटे अकोला रोडने पळायला जायचा. कुणी विचारलंच तर आत्या म्हणे, "पयू द्या. पायाले बरं असते." त्यापुढचा विचार तिला करायचाच नव्हता.

कादंबरी बायांना अशी चढली की तुरीत खडे राहू लागले. त्यातला धाकटा भाऊ संपत तर सगळ्यांचा लाडका. शेजारच्या जनाकाकूने त्याच्यासाठी मनातल्या मनात मुलगीसुद्धा हेरून ठेवली होती. आणि एका दुपारी संपत लढाईत मेला. साखरेची वाटी तशीच राहिली. मरणावर साखर कोण वाटणार? मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून संध्याकाळी जनाकाकू आत्याकडे पिठलं-भाकरी घेऊन आली. आत्याही नाक ओढत जेवायला बसली. तेवढ्यात गजू वाशीमहून आला.

"कोन गेलं व माय?"

"संपत."

"कोन संपत?"

"बुकातला."

मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले. गजू मात्र हसला नाही. मागोमाग आत येऊन हळूच म्हणाला, "ताई, माह्यी निवड झाली. आता हिले कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशीच्या अध्यायात संपतच्या आईने डोळ्यातून टिपूसही गाळलं नाही आणि गावाने तिला धन्य धन्य म्हटलं. आत्या वाचता वाचता थांबली. "लेकरू गेलं अन् डोयात पानी नाई? हे कायची हिंमत? लिहिनाऱ्यानं कोनाची माय पाह्यलीच नाई."

दारात उभ्या असलेल्या गजूने विचारलं, "मंग मायची हिंमत म्हंजे काय व?"

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "झाली ना तुह्यी निवड?"

त्याने मान हलवली. मला वाटलं, आता ही पुस्तक भिरकावते. पण ती म्हणाली, "बस. आधी अध्याय संपू दे."

चष्मा पुसत पुसत का होईना, शेवटच्या ओळीपर्यंत तिने वाचलं. मग साखरेची वाटी उचलली आणि पहिली चिमूट गजूच्या तोंडात घातली. "सांगाले भेत होता काय रे? जाय. मी अडवत नाई." त्या क्षणी मला माझ्या आत्याचा फार अभिमान वाटला.

गजू निघाला त्या दिवशी अख्खी गल्ली स्टँडवर लोटली. हार, गुलाल, पोरांच्या घोषणा, आणि मधोमध आत्या भोकाड पसरून रडत होती. पोरं ओशाळली. गजूचा एक दोस्त समजूत काढायला पुढे झाला, "काकू, फौजीची माय रडत नसते."

"कोनं सांगतलं तुले? अडवून रडली असती तं बोलला असता. जाऊ देऊन रडून राह्यली मी!"

एसटी सुरू झाली, तरी कंडक्टर बेलच्या दोरीला हात लावून उभाच. बाईचं रडणं आटोपू द्यावं, असा त्या भल्या माणसाचा विचार. शेवटी आत्याच हुंदक्यातून त्याच्यावर ओरडली, "अरे बापा, मार ना बेल! माह्यं रडनं काय आज थांबत नसते."