आबांचं पायताण

सडा लागला की आबा पायताण काढून हातात घ्यायचे. शाहूवाडीकडच्या डोंगरमाथ्यावरचा तो सपाट कातळ एप्रिलच्या उन्हात तव्यासारखा तापलेला, आणि हा साठीचा माणूस त्यावर अनवाणी. मला वाटलं, जवळपास कुठं देव असेल. विचारलं तर माझ्यावरच खेकसले, "पावणं, देव कशाला पायजे? खाली फुलांचं कांदं निजल्यात. त्यांच्या डोसक्यावर पायताण घालून नाचू व्हय?" मी माझे बूट काही काढले नाहीत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कोल्हापुरातल्या एका कचेरीत झाडोऱ्याचे नकाशे करायचो. उपग्रहाने टिपलेलं चित्र घेऊन गावोगाव हिंडायचं, कुठे रान, कुठे शेत, कुठे गवत ते जागेवर पाहायचं आणि तक्त्यात भरायचं. वाट दाखवायला गावाने आबांना दिलं होतं.

आबांना त्या डोंगराचा इतिहास तोंडपाठ, आणि त्यातून स्वतःला वगळायची त्यांना सवय नव्हती. उताराकडे बोट करून म्हणाले, "हितं आमच्या आज्यानं झाडं तोडून, जाळून नाचणी केली. पुना झाड आलंच न्हाय. आमीच खाल्लं ते रान." पाऊसही आता धरून पडत नाही, दोन दिवस धो धो, मग आठवडाभर ऊन. गवत गुडघ्यावरून पोटरीवर आलं, हे ते पोटरीला हात लावून दाखवायचे. कातळाला नांगर लागत नाही, म्हणून सडा तेवढा वाचला होता.

मी चित्र दाखवलं. त्यात हिरवं रान तांबडं दिसतं हे ऐकून ते पोट धरून हसले. सड्याच्या जागी मात्र नुसता राखाडी डाग होता.

"कवाचं चित्र ह्ये?"

"उन्हाळ्यातलं."

आबांचं हसू थांबलं. "मंग निजल्याला माणूस बघून मेलाय म्हणून लिवल्यागत झालं की! श्रावणात या. पाय ठिवाय जागा न्हाय इतकी फुलं असत्यात. ती बघा, मग लिवा."

येतो म्हणालो. गेलो नाही. साहेबांना नकाशा जूनच्या आत हवा होता, आणि श्रावणात तिकडचा पाऊस आणि जळवा कोण सोसणार! तक्त्यात मी सड्यापुढे 'ओसाड' लिहिलं. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. 'पावसाळ्यात पुन्हा पाहावे' एवढे तीन शब्द त्यात सहज मावले असते. तो मी रिकामा सोडला. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

पाच-सहा वर्षांनी तिथे बॉक्साइटची खाण आल्याचं कानावर आलं. जागा ओसाडच आहे, असं कागदावर होतं म्हणे. कुठल्या कागदावर, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या श्रावणात मात्र गेलो. आबा थकले होते, तरी काठी टेकत वर आले. निम्मा सडा खोदून नेलेला, खड्ड्यांत तांबडं पाणी. कडेला कुठंकुठं तेरडा उरला होता. मी बूट काढायला वाकलो. आबा पायताण घालूनच पुढे निघाले होते. वळून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. आता खाली कोन न्हाय."

उतरताना मध्येच थांबले. "कोन शिकल्यालं येडं उन्हाळ्यात यिऊन ओसाड लिवून गेलं, बगा. तुमी लिवलं असतं तर असं झालं नसतं. तुमी हाफिसात हाईसा, हुडका त्येला आन् सांगा, आबानं बोलीवलंय म्हणून. मला नुसतं त्येचं तोंड बघायचं हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. खरं सांगायला मला त्या दिवशी सड्यापासून गावापर्यंतची तासाभराची उतरण मिळाली होती.