पितळी तोटी आणि दोऱ्यांचे निळे कपाट

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, प्रत्येक काम मापात आणि सरळ रेषेत करणाऱ्या रंगाऱ्यांना सगळे 'इंचपट्टी' म्हणत, आणि हे नाव त्यांना मनातून आवडत असे. मोटारींच्या कारखान्यात छत्तीस वर्षे त्यांनी रंगाची फवारणी केली. निवृत्तीनंतर मागच्या पडवीत टाकीत हवा दाबून भरणारा एक छोटा कॉम्प्रेसर बसवला आणि शेजाऱ्यांच्या सायकली, दिव्यांचे खांब, मोडक्या खुर्च्या नव्या करण्यात दिवस घालवू लागले. पडवीच्या भिंतीवर त्यांच्या वळणदार अक्षरातील देखभालीची आठ ओळींची यादी टांगलेली असे. पहिली ओळ पट्ट्याची, दुसरी तेलाची, आठवी टाकीतले पाणी सोडण्याची. दाबलेल्या हवेतला ओलावा टाकीच्या तळाशी जमतो, आणि तो रंगात उतरला तर रंगाला फोड येतात. म्हणून रोज दिवेलागणीला ते टाकीच्या पोटाखालची पितळी तोटी उघडत, तिच्याखाली वाडगा ठेवत, थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून त्यात एक चिंधी टाकत, आणि मग निश्चिंत मनाने हात धूत.

त्या दिवशी त्यांना एकच वस्तू रंगवायची होती: पत्नीचे दोऱ्यांचे कपाट. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः मिसळलेल्या निळ्या रंगात ते रंगवले होते. उजाडण्यापूर्वी आभाळ क्षणभर जसे असते, तसा तो निळा. अलीकडे दोन वर्षे ती म्हणे, "अहो, हा निळा मळला." त्यांनी कपाट दोनदा साबणाने पुसले. पुढे डॉक्टरांनी सांगितले की मळ कपाटावर नसून डोळ्यांत आहे, मोतीबिंदू पिकला आहे. काल शस्त्रक्रिया झाली होती, आज पाचच्या सुमारास पट्टी निघणार होती, आणि मुलगी तिला दवाखान्यातून थेट घरी आणणार होती. डोळे नवे आणि निळा जुना, असे व्हायला नको, एवढेच त्यांच्या मनात होते. रंग वरवर वाळायलाही सहा तास हवेत, म्हणजे अकराच्या आत फवारणी व्हायलाच हवी.

आठ वाजता त्यांनी कळ दाबली. मोटर सुरू झाली, पट्टा फिरू लागला, आणि दाब दाखवणारा काटा शून्याच्या जरासा वर येऊन तेथेच थरथरत राहिला.

रंगारी यादीकडे वळले. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. पाहिजे तसा ताठ होता. हवेची गाळणी काढून झटकली, धुतली, वाळवली. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून सोडली. तो जागच्या जागी बसला. साबणाचे पाणी ब्रशाने नळीच्या प्रत्येक सांध्यावर लावले. एकही बुडबुडा उठला नाही. काटा मात्र हलायला तयार नव्हता.

इतक्यात कुंपणापलीकडून घड्याळजी डोकावला. त्याची नि रंगाऱ्यांची मैत्री शाळेपासूनची.

"काय रे इंचपट्टी, सकाळपासून नुसती घरघर! याला दम लागतोय, पण पोटात काही राहत नाही."

"सांधे तपासले. एकही गळत नाही."

"मग डोकं उघड."

"कोणाचं?"

"आधी मशीनचं. तुझं उघडायला माझ्याकडे हत्यार नाही."

डोके उघडले. झडपेच्या पातळ पोलादी पट्ट्या स्वच्छ होत्या, त्यांखालचे गॅस्केट अखंड होते. सगळे पुन्हा जोडेपर्यंत सव्वादहा झाले.

"ब्रश घे आणि मोकळा हो," घड्याळजी म्हणाला.

"ब्रशाच्या रेघा राहतात. तिला त्याच आधी दिसतील."

घड्याळजीने मान हलवली आणि तो दुकान उघडायला निघून गेला.

मोटर पुन्हा सुरू केली, पण काटा तेथेच. रंगारी कट्ट्याला पाठ टेकून बसले आणि त्या एकसुरी घरघरीत त्यांचे डोळे मिटले. छत्तीस वर्षांच्या यंत्रांनी त्यांच्या कानांतले बारीक आवाज केव्हाच पुसून टाकले होते; उरली होती ती ही जाड, उबदार घरघर. तिच्या आत त्यांना जुने भाड्याचे घर दिसले. खिडकीशी ती शिवत बसलेली, रंगाचे धुके उन्हात तरंगणारे, आणि तिच्या केसांवर, हातातल्या कापडावर, दाराच्या चौकटीवर हळूहळू उतरणारा तो निळा. "अहो, मलाही रंगवाल!" असे म्हणून ती हसली होती, पण जागची उठली नव्हती.

डोळे उघडले तेव्हा त्यांची नजर कट्ट्याच्या कोपऱ्यावर गेली. तेथे काहीतरी नव्हते. काय नव्हते, हे कळायला थोडा वेळ लागला. वाडगा! रोज सकाळी तो तेथे पालथा वाळत असे. ते गुडघ्यांवर बसले, वाकले, आणि त्यांनी टाकीखाली पाहिले. वाडगा कालच्याच जागी होता, आणि त्यातली चिंधी झोपलेल्या बाळाच्या पोटासारखी वरखाली होत होती. तोटी सताड उघडी होती.

ती रोज सकाळी बंद कशी होत असे, याचा त्यांनी आजवर कधी विचारच केला नव्हता. आपल्याच हाताला सवय असेल, असे ते धरून चालले होते.

तोटी बंद केली. काटा डुलत डुलत वर चढू लागला. त्यांनी मुलीला फोन लावला आणि तिच्या आईला द्यायला सांगितले.

"अगं, टाकीखालची तोटी रोज सकाळी कोण बंद करतं?"

"कोण म्हणजे? केर काढताना मीच करते. वाडगा धुते, कट्ट्यावर पालथा घालते. नऊ वर्षं झाली."

"दिसत नव्हतं तेव्हाही?"

"तोटीला डोळे कशाला लागतात? हाताला कळते ती."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमच्या यादीत आठच ओळी होत्या. मी म्हटलं, नववी माझी." मग आवाज बदलला. "पण तुम्ही रंगवताय काय आज?"

"सायकल," रंगारी म्हणाले आणि त्यांनी घाईने फोन ठेवला.

अकराला दहा मिनिटे असताना पहिला हात फिरला. धुके उठले, उन्हात क्षणभर थांबले आणि कपाटावर अलगद उतरले. रंगाऱ्यांच्या मनगटाचा झोका कारखान्यातल्या दिवसांइतकाच सरळ होता.

साडेपाचला ती मुलीचा हात धरून आली. तिने काळा चष्मा क्षणभर वर केला. मग ती कपाटाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"ही तुमची सायकल होय?" ती म्हणाली, आणि तिने बोट पुढे केले.

"हात लावू नकोस! अजून रात्रभर तरी—"

"नाही लावत. नुसती बघते." मग ती अगदी हळू म्हणाली, "तेव्हा माझ्या केसांवर पडला होता, तोच हा."

डॉक्टरांनी तिला महिनाभर वाकायला मनाई केली होती. म्हणून त्या संध्याकाळी रंगाऱ्यांनी लेखणी घेतली आणि यादीत नववी ओळ लिहिली. पत्नी पडवीच्या दारातच खुर्चीवर बसली होती. तेथूनच तिने मोठ्याने वाचले, "'सकाळी तोटी बंद करणे.'" आणि पुढे म्हणाली, "अहो, ओळ तिरकी गेली आहे."

इंचपट्टींनी पाहिले. ओळ खरोखरच तिरकी गेली होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.