उदबत्तीसह पेट्रोल पंपावर

पांढुर्ण्याच्या तहसील कचेरीसमोर मी गेली बावीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज त्रुटी काढून परत आल्याचे उदाहरण शोधावे लागेल. ही आत्मप्रौढी नव्हे. पुढील प्रसंगात माझ्या याच कौशल्याने मला कसे अडवले, हे वाचकांस कळावे म्हणून सांगितले.

माझ्या कन्येचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सौसरला ठरले होते. मुहूर्त साडेअकरापर्यंतच होता आणि त्यानंतरचा थेट दोन महिन्यांनी. मुलाचे आजोबा वेळेचे अत्यंत काटेकोर. बोलणीच्या दिवशीच त्यांनी बजावले होते, "उशीर झाला तर पाहुणे जेवून जातीन, साक्षगंध मात्र पुढच्या मुहूर्तावर होईन." त्यामुळे वेळेवर पोचणे हा आमच्यापुढील एकमेव प्रश्न होता.

प्रवासासाठी मी आदल्याच दिवशी एक जुनी मोटारगाडी विकत घेतली होती. जुनी गाडी विकणारा माणूस टाकीत जवळच्या पंपापर्यंत पोचण्याइतकेच पेट्रोल ठेवतो, हा आमच्याकडील अलिखित नियम आहे. सकाळी दारात गाडीची यथासांग पूजा झाली. चाकांखाली लिंबे चिरडली, नारळ फुटला आणि सौभाग्यवतीने पाच उदबत्त्या पेटवून समोरच्या काचेखाली गणपतीपुढे खोचल्या. काचा बंद ठेवण्याची तिची आज्ञा होती, जेणेकरून धूर गाडीतच राहावा. मेहुणा गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारी खोकत होतो, मागे सौभाग्यवती आणि कन्या बसल्या होत्या. अशा मंगलमय अवस्थेत दहा वाजता आम्ही पंपावर दाखल झालो.

पंपावर तिशीतील एक बाई होती. तिने नळी हातात घेतली, टाकीचे झाकण उघडायला वाकली, काचेतून गाडीत पाहिले आणि नळी तशीच परत अडकवून दिली.

"काका, अगरबत्ती चालू हाये तुमच्या गाडीत."

"पूजेची आहे," मी म्हणालो.

"पूजेची असो का मच्छरची, विस्तव थो विस्तव. पहिले गाडी बंद करा."

"अव बाई, मी काय बिडी पिऊन राहिलो काय?"

"तुमी नाई, तुमची गाडी पिऊन राहिली," ती म्हणाली. मागे रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्याने मोठ्याने हसून घेतले. तोवर मेहुण्याने मोबाइल काढून पहिल्या पेट्रोलचा व्हिडिओ सुरू केला होता. "अन् भाऊ, थो मोबाइल खिशात ठेवा. इथं शूटिंग नाई."

मागच्या आसनावरून सौभाग्यवतीने आपला निर्णय जाहीर केला. "पूजेची अगरबत्ती मी विझवू देनार नाई. पोरीचं साक्षगंध हाये आज."

"विझवू नोका, काकू. पण इथं उचलू बी नोका, ठिणगी पडन. गाडी सुरू बी करू नोका. लोटत लोटत रस्त्यावर न्या, तिथं बाहीर काढा, मंग या. पेट्रोल भेटन."

माझ्यासारख्या माणसाला चारचौघांत गाडी लोटण्यास सांगणे मला अपमानास्पद वाटले. मी शिकायत पुस्तिका मागितली. आमची बोली मराठी असली तरी राज्य हिंदी, त्यामुळे कचेरीचे सर्व लेखन हिंदीत चालते आणि त्या हिंदीवर माझे प्रभुत्व आहे. बाईने विनातक्रार वही आणून दिली. "लिवा न काका. पण रस्त्यावर जाऊन लिवा."

मी तेथेच, वाळूच्या लाल बादल्यांशेजारी उभा राहून लिहू लागलो. अर्जात घटना ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने आणि खरी लिहावी, हा माझा धंद्यातील पहिला दंडक आहे. पहिल्या ओळीत 'महोदय, सविनय निवेदन है' झाले. दुसरीत माझे गाव आणि व्यवसाय. तिसरीत मी लिहिले की, प्रार्थी पाच जळत्या उदबत्त्यांसह, सहकुटुंब, बंद काचांच्या गाडीत पेट्रोलच्या नळीपासून चार हातांवर उभा होता.

येथे लेखणी थांबली. असा अर्ज घेऊन कोणी पक्षकार माझ्याकडे आला असता तर मी त्याला काय म्हटले असते, ते मला स्पष्ट ऐकू आले. बावीस वर्षांत इतके दुबळे प्रकरण माझ्या हाती आले नव्हते. मी तिसऱ्या ओळीखाली लिहिले की कर्मचारी महिलेने योग्य तेच केले, सही केली आणि वही परत दिली.

"झालं?" तिने विचारले.

"झालं. कुठून लोटू?"

मेहुणा दाराशी उभा राहून एका हाताने स्टिअरिंग सांभाळीत होता, मागे मी. गाडी हलेना. तेव्हा कन्या साडीचा पदर खोचून खाली उतरली. "बाबा, सरका जराक." मग तिची आईही आली. अशा रीतीने गाडी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली पोचली. उदबत्त्या अजून अर्ध्याच जळल्या होत्या आणि सौभाग्यवती त्यांना हात लावू देईना.

"आई," कन्या म्हणाली, "अगरबत्ती पुरी करायची का माहं साक्षगंध?"

सौभाग्यवतीने स्वतःच्या हाताने पाचही उदबत्त्या काढल्या, झाडाच्या बुंध्याशी ओल्या मातीत खोचल्या आणि हात जोडले. काचा उघडून धूर घालवला. पुन्हा लोटत पंपावर आलो, तेव्हा त्या बाईने टाकी भरून दिली. झाकण नीट बसले का, हे तिने दोनदा पाहिले.

सौसरला पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. आजोबा दारातच घड्याळाकडे पाहत उभे.

"पेट्रोल भराले एवढा टाइम?"

रस्त्यात गर्दी होती, असे सांगता आले असते. परंतु मी घडल्या क्रमाने सर्व निवेदन केले. आजोबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अखेरीस त्यांनी एकच विचारले, "लोटली कोनं?"

"मी, जी."

"मी बी," सौभाग्यवती म्हणाली.

"अन् मी बी," कन्या खाली मान घालून म्हणाली.

आजोबांनी काठी आपटून आत आवाज दिला, "अरे, पोरीले बसाले पाट द्या अगुदर! एवढी मोठी गाडी लोटत आली थे. अन् गुरुजीले म्हना, सुरू करा, पाच मिनिटं हायेत."

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी तिच्या बोटात अंगठी गेली. तळहातावर गाडीच्या मागच्या काचेची धूळ तशीच होती. ती पुसायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही.