शक्तिमानच्या कपाळावरचं नाव

डोळा लागतो तो असा: पाय ब्रेकवर, मान खिडकीच्या चौकटीला, आणि बाहेर लाउडस्पीकर सांगतोय की जुन्या आणि लष्करी गाड्यांची फेरी जेवणं झाली की निघेल, तरी मालकांनी आपापल्या

आपापल्या

पुढचं कालिंदीला ऐकू येत नाही. केबिनचा पत्रा तापलाय. मघाशी धाकटा भाऊ रणधीर दाराशी येऊन किल्ली मागून गेला. "ताई, फेरीला मी बसतो. आबांचा ट्रक. बाईमाणूस चालवताना बरं दिसत नाही, लोक व्हिडिओ काढतात." ती म्हणाली, "जेवून ये, बघू." ते ‘बघू’ आता घशात अडकलंय, हरभऱ्याच्या टरफलासारखं. हा लष्करी शक्तिमान ट्रक गोठ्यामागं सडत होता तेव्हा हा रणधीर कुठं होता? गंजलेले बोल्ट तिनं सोडवले. मिस्त्रीबरोबर इंजिन तिनं उतरवलं. आणि तरी बघू!

"सरक."

शेजारी क्लीनरच्या जागेवर आबा बसलेत. तिचे वडील. वारून दोन पावसाळे झाले. अंगात बनियन, गालात तंबाखू.

"सरक म्हणतो ना."

"तुम्ही गेलात, आबा."

"गेलो म्हणून गाडी तुझी झाली होय?"

काचेबाहेर मैदान नाही. ट्रक स्वयंपाकघरात उभा आहे, बॉनेट थेट चुलीला टेकलेलं, आणि वायपर काचेवरचं पीठ इकडून तिकडं लोटतायत. आबांना याचं काहीच वाटत नाही.

"कपाळावरचं नाव काय केलंस?"

आता हे नाव म्हणजे काय, तर त्यांच्या भागात रीतच तशी: ट्रक घेतला की काचेच्या वर पोराचं नाव घालायचं. पोराचं, पोरीचं नाही. आबांनी लष्कराच्या लिलावातून शक्तिमान आणला, हिरव्यावर लाल रंग चढवला, आणि वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं: चि. रणधीर. चिरंजीव तेव्हा पाळण्यात होते. रंगाचा डबा धरून कालिंदी उभी होती. पुढं उसाच्या फडात लोक गाडीलाच रणधीर म्हणू लागले. रणधीर आला. रणधीर पंक्चर झाला. रणधीर चिखलात बसला, बैल आणा.

"खरवडलं," ती म्हणते. "इथं फेरीला गाडी मूळची जशी होती तशी लागते. लष्करात कुणी पोराचं नाव लिहितं का?"

"आणि तिथं तुझं घातलंस."

"नाही."

"लबाड."

आबा काचेतून डोकं बाहेर काढतात. काच फुटत नाही, पाण्यासारखी बाजूला होते. मान वर करून कपाळ वाचतात आणि परत आत येतात. चेहरा काळवंडलेला.

"कुणाचंच नाही!"

"कुणाचंच नाही. नुसता रंग."

"बेवारशी केलीस माझी गाडी. भावाचं नाव पुसणारी बाई म्हणजे..."

"म्हणजे काय? बोला की."

आबा खिडकीतून थुंकतात. थुंकी पडते ती घाटात. ट्रक उताराला लागलाय, न्यूट्रलमध्ये, आवाज न करता. दरी आबांच्या बाजूला. ती ब्रेक दाबते, तर ब्रेक कणकेसारखा मऊ.

"रणधीरला हाक मार," आबा म्हणतात.

"तो जेवतोय."

"मार म्हणतो!"

"तो जेवतोय, आबा. तो कायम जेवतच असतो."

आबांचा हात स्टिअरिंगवर पडतो. तोच हात, रुंद, मनगटावर पांढरे राठ केस. चाक ते स्वतःकडं ओढतात, म्हणजे दरीकडं.

"खाली घालीन. पण बाईच्या हाती देणार नाही."

"घाला! नाव असतं तर घातली असती?"

"नाव असतं तर तू इथं बसलीच नसतीस."

खरंच आहे. आणि ते खरं आहे म्हणूनच तिचं डोकं फिरतं. दोन्ही हात चाकावर, पाय त्या मेल्या ब्रेकवर. मोकळं आहे ते फक्त तोंड. ती वाकते आणि आबांच्या मनगटाला कडकडून चावते. ग्रीस. तंबाखू. मीठ. आबा ओरडतात, मेलेल्यासारखे नाही, चांगले जित्या माणसासारखे.

"सोड! कुत्रे, सोड!"

ती सोडत नाही. हात सुटतो तो आबाच सोडवून घेतात म्हणून.

"चालव मग. मर."

"मरेन. आधी तुम्ही उतरा."

आबा चालत्या ट्रकमधून उतरतात. मागं बघत नाहीत. आशीर्वाद नाही, काही नाही. दार असं आपटतात की

दार वाजतंय. रणधीर पत्र्यावर थापा मारतोय.

"ताई, अगं गाड्या निघाल्या! दे किल्ली, झोपतेस काय!"

मैदान जिथल्या तिथं आहे. पुढची जीप धूर सोडत रांगेत लागलीये. कालिंदी बोलायला तोंड उघडते तर पुढच्या दातांत काहीतरी टोचतं. नखांनी ओढून काढते. उन्हात धरते. आखूड, राठ, पांढरा केस. तिचे स्वतःचे केस मेंदीचे, कमरेपर्यंतचे.

"काय गं ते?"

"काही नाही. तू मागं हौद्यात चढ."

"हौद्यात? मी?"

"धरून बस. उतारावर आदळतं."

रणधीर काहीतरी पुटपुटत मागं जातो. ती किल्ली फिरवते, इंजिन खाकरतं आणि धरतं. चाकाला आता दोन्ही हात लागणार, म्हणून केस ती परत दातांत धरते.