बेटावर कोणी उतरायचं नाही

आमच्या पक्षी निरीक्षण केंद्राच्या प्रमुखांनी येडगाव धरणावरच्या मच्छीमारांना फसवलं, आणि फसवताना तोंड माझं वापरलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण केंद्राच्या मंडळींत ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते. तिच्यात फसवणूक कुठेच नसते, फक्त मी तापट असतो. तापट मी आहेच.

केंद्र म्हणजे धरणाच्या फुगवट्याच्या काठावरची पत्र्याची एक खोली. पाण्याकडे आडवी खिडकी, तिपाईवर दुर्बीण, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. खोलीसाठी कोपरा द्यायला काठावरचा शेतकरी तयार नव्हता, तेव्हा केंद्राचे प्रमुख, आमचे सर, मला शोधत आले. बोलणी करणं हा माझा धंदा. बापाकडे ना रान ना जनावर. दुसऱ्यांचे बैल बाजाराला हाकता हाकता मी हेडी झालो, बैलांचे सौदे जुळवून देणारा. बेल्ह्याच्या बाजारात माझ्या शब्दावर लोक दावं सोडून द्यायचे. पुढे घरोघर ट्रॅक्टर आले, मुलं चाकणला गेली, बायको वारली. जागेचं जुळवून दिल्यावर सर म्हणाले, "काका, अधूनमधून येत जा." मी रोजच जायला लागलो.

सकाळी कुलूप काढायचं, पालींची घाण झाडायची, दुर्बिणीची काच पुसायची, मग काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाखरं मोजायची. हिवाळ्यात काळ्या चांदव्यांचा थवा पाण्यावर इतका दाट बसतो की मोजता मोजता एक बुडी मारतो आणि सगळं पहिल्यापासून. आकडे मोबाईलवर ग्रुपला पाठवायचे. दुपारपर्यंत पुण्यातून कोणीतरी अंगठा दाखवायचं. ते त्या दिवसाचं बोलणं. शनिवारी गाडी भरून पोरंपोरी यायची, हसायची, मला फोटो दाखवायची. रविवारी ऊन उतरलं की गाडी परत. मग बिस्किटांचे कागद गोळा करून मी दोन्ही खुर्च्या आत घ्यायचो.

तरी जायचो. बैल बघताना डोळा खोड शोधतो. दात, खूर, खांदा, चाल. जन्मभर कुठलंही जनावर मी त्याच्यात काय कमी आहे यासाठीच बघितलं. इथे कोणाला काही विकायचं नव्हतं, त्यामुळे नुसतं बघता यायचं.

एरवी आठवडाभर माणूस म्हणून यायचा तो एकच, एक म्हातारा मच्छीमार. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून तो जाळी ओढायचा आणि ओल्या लुंगीनेच चहाला यायचा.

"काय शेट, आज किती पाखरं इकली?"

"गिऱ्हाईकच नाय, मामा."

"मंग भाव पाडा की राव!"

रोज तेच. एखाद्या दिवशी त्याने विचारलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध एक खडकाळ बेट उघडं पडतं. त्यावर सुरय पक्षी अंडी घालतात. राखी अंग, काळी टोपी, पिवळीधमक चोच. घरटं असं नसतंच, अंडी उघड्या खड्यांवर. दुपारी सुरय पाण्यात पोट भिजवून येतो आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर सावली धरून बसतो. तो उठला की ऊनच अंडी मारतं. पण त्याच बेटावर मच्छीमार जाळी वाळवायचे, चूल मांडायचे. सर म्हणाले, "काका, तुम्हीच बोला यांच्याशी."

म्हाताऱ्याचा शब्द त्याच्या लोकांत चालायचा. मी त्याला खोलीसमोर बसवलं आणि बाजारात करतात तसा दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला. एक बोट म्हणजे बेट मोकळं सोडायचा एक महिना, असं ठरवून घेतलं. त्याने एक बोट दिलं. मी तीन धरली. त्याने हात काढून घेतला, तंबाखू मळली, परत हात घातला. शेवटी दोन बोटं आणि तिसरं अर्धं दुमडून, म्हणजे अडीच महिने. सर शेजारीच उभे होते, त्यांना मौज वाटत होती. मग म्हाताऱ्याने टॉवेल काढला आणि सरांकडे बघून म्हणाला, "आमी जात न्हाई. पर तुमच्या मान्सांनी बी पाय ठिवायचा न्हाई. येकानं बी."

मी सरांना विचारलं, "ऐकलंत ना? कबूल?"

"कबूल," सर म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

मच्छीमारांनी शब्द पाळला. जाळी लांबच्या काठावर नेऊन वाळवली. तिथे कुत्री जाळ्यांना तोंड लावायची, तरी तक्रार केली नाही. दुर्बिणीतून मी रोज बेट बघत होतो. ओल्या पोटाचे सुरय, एकमेकांवर ओरडणारे, जागेवरून भांडणारे. अगदी बाजार.

मग नातवाच्या जावळासाठी मी चाकणला गेलो. तिथे जेवायला बसलो असताना ग्रुपवर फोटो आला. सर, बाहेरून आलेले चार पाहुणे, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. मागे धरणाची भिंत. पायाखाली बेट.

मी ताटावरूनच फोन लावला.

"काका, अहो थोडा वेळ तर होतो."

"ऊन किती होतं?"

"पाहुणे महत्त्वाचे होते. उद्या केंद्राला त्यांची मदत होईल."

"कबूल म्हणाला होतात तुम्ही."

"ते त्यांच्यासाठी होतं काका, जाळीवाल्यांसाठी. आपण पक्ष्यांचीच माणसं आहोत. आणि असं लेखी काय ठरलं होतं?"

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. सुनेच्या माहेरची माणसं घास हातात धरून बघत राहिली.

परत आलो तर बेटावर कावळे चालत होते. सुरय वरून घिरट्या घालत होते, बसत नव्हते. काही दिवसांनी तेही गेले. त्याआधीच मच्छीमारांची जाळी बेटावर पसरली होती, आणि त्यांना मी कुठल्या तोंडाने अडवणार? म्हातारा ट्यूबवरून खोलीसमोरून गेला. मी हाक मारली. तो थांबला, काठाला आला नाही.

"मामा, मी नव्हतो इथं. लेकाकडं गेलो व्हतो."

"तुमी नव्हता शेट. पर शबुद तुमचाच व्हता न्हवं?" पाण्यात थुंकून तो म्हणाला, "त्यांची टोपी चालती बेटावर, आन् आमचं जाळं म्हंजी घाण."

"मी त्यांना सोडलं नाय. लई बोललो."

"फोनवर बोलला आसाल."

हाताने पाणी मारत तो निघून गेला. त्यानंतर चहाला आला नाही. मी आजही जातो, मोजतो, आकडे पाठवतो. पावसाळाभर खिडकीतून नुसतं करडं पाणी दिसलं. चहा एकट्यापुरता करायला माझा हात अजून बसलेला नाही. जास्त होतो, मग ओतून देतो. बाजारात बैल खोडीचा निघाला तर मी तो परत घेऊन मूळ मालकाच्या दावणीला पोचवायचो. हा सौदा मला एकट्याला परत घेता येत नाही, कारण तो मोडला मी नाही.

आणि परवा सरांचा फोन. उन्हाळा आलाच, काका, यंदाही मच्छीमारांशी जरा बोलून घ्या, तुमचं ते ऐकतात.

ऐकत होते, सर. आता तुमची पाळी. पाहुण्यांना आणलंत तसे एका सकाळी या, गाडी काठाला लावा आणि जाळी ओढून येणाऱ्या त्या म्हाताऱ्यासमोर उभे राहा. कबूल म्हटल्यावर बेटावर पाय का ठेवलात, ते त्याला सांगा. लेखी नको, तोंडी सांगा. मी शेजारी उभा राहीन, पण एक अक्षर बोलणार नाही. दिवस तुम्ही ठरवा. बोला, कधी येताय?