एका प्रश्नाचे तीन तास

पर्यवेक्षक बाईंनी पेपर ओढला तेव्हा माझा पहिलाच प्रश्न चालू होता. तीन तास संपले होते. मी पेपर सोडला नाही. डाव्या हाताने दाबून धरला आणि उजव्याने लिहीत राहिले.

"आजी, सोडा. फाटेल."

"एवढं वाक्य पुरं करते."

"वाक्य गेलं खड्ड्यात. मला अख्खा वर्ग गोळा करायचाय."

मग सोडला. बाईंनी पानं उलटली. पुढची सगळी कोरी. त्यांनी एकदा पेपरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढच्या बाकावर गेल्या. पाच प्रश्नांपैकी मी एक लिहिला होता. तोही दोनदा खोडून तिसऱ्यांदा. माझ्या शेजारची बाई आपल्या पुरवण्यांना दोरा बांधत होती. मला पुरवणी लागलीच नव्हती.

बी.ए.चं पहिलं वर्ष, मराठीचा पेपर. माझं वय एकोणसत्तर.

मी रडले नाही. नळावर पाणी प्यायले आणि उल्हासनगरहून बदलापुरात कात्रपला घरी आले. सुनेने दार उघडलं.

"कसा गेला, आई?"

"एक प्रश्न."

"एकच आला?"

"येत सगळे होते. लिहिला एक."

तिला ते कळलं नाही. मला कळत होतं, पण उपाय माहीत नव्हता. पुढच्या पेपरांना घाई केली, तरी दोनाच्या वर प्रश्न गेले नाहीत. सगळ्या विषयांत नापास.

हे असं का झालं ते सांगते. मी अंबरनाथ पश्चिमेला चौथीपर्यंत शिकले. पाचवीला नाव घालायच्या वर्षी आईला पाठचं मूल झालं आणि ते मी सांभाळलं. लग्नानंतर उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात लागले. आधी धागे कापायला, मग चेकिंगच्या टेबलावर. तिथे तीस वर्षं काढली. पँट समोर आली की उलटी करायची, आतली शिवण बोटाने चाचपायची, लोंबते धागे कापायचे, बटण ओढून बघायचं, चेन दोनदा वरखाली करायची. मगच पीस टेबलावरून खाली. आमचा सिंधी शेठ पहिल्या दिवशी एवढंच बोलला होता, "एक पीस हाथ में है तो दूसरे को देखने का भी नहीं." त्याचं बरोबर होतं. अर्धा तपासलेला पीस आणि पुरा तपासलेला पीस बाहेरून सारखेच दिसतात. अर्धा तपासलेला एकदा ढिगात मिसळला की शोधता येत नाही. व्यापारी एका पँटीसाठी सगळा माल परत पाठवतो. तीस वर्षांत मी अर्धा पीस खाली ठेवला नाही.

परीक्षेला बसले तेव्हा हातांनी तेच केलं. पहिलं उत्तर मनासारखं होईना. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तपासलं. दुसऱ्या प्रश्नाकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याआधी एक परीक्षा मी पास झाले होते. ज्यांचं शाळेचं शिक्षण पुरं नाही त्यांना मुक्त विद्यापीठात आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यावी लागते. त्यात बरोबर उत्तरावर खूण करायची होती. ते मला जमलं. खूण एकदा केली की झाली, तिला अजून चांगली करता येत नाही.

निकालाची प्रत घ्यायला केंद्रावर गेले. आमचं अभ्यासकेंद्र उल्हासनगरातल्या एका कॉलेजात आहे. तिथले सर सभ्य माणूस. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"आजी, वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे शिवणकामाचा सहा महिन्यांचा छान कोर्स आहे. त्यात लेखी कमी असतं."

"सर, उभे राहा जरा."

"का?"

"राहा तर."

ते उभे राहिले.

"ही जीन्स तुम्ही दुकानातून घेतली असेल. शिवलीय इथेच, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात. उजव्या खिशाच्या कोपऱ्याला टाका सुटलाय. चेकिंगवाली झोपली होती. मला शिवणकाम शिकवताय?"

सरांनी खिसा चाचपला. टाका सुटलेला होता. ते हसले, मग गंभीर झाले. "पण मग करायचं काय? हे असंच चालू राहिलं तर?"

मी म्हणाले, "अजून एकदा बसते. सगळे विषय सुटले नाहीत तर मी स्वतः इथे येऊन माझं नाव कापून जाईन. तुम्हाला सांगायला लागणार नाही."

मी दिलेला शब्द फिरवत नाही. त्यामुळे त्या दिवशी ठरलं की एक वर्ष आहे, आणि ते गेलं तर शिक्षण गेलं.

मला शिकायचं होतं त्याला कारण होतं. आम्ही बौद्ध. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. माझा आवाज मोठा आणि वाचताना अडत नाही, म्हणून बरीच वर्षं ते काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी सातवी-आठवीतली एक मुलगी म्हणाली, "आजी, आता जे वाचलं त्याचा अर्थ काय?" मी म्हणाले, "मोठी झालीस की कळेल." खोटं बोलले. मी मोठी होते आणि मला कळलं नव्हतं. मी नुसता आवाज काढत होते. दुसऱ्या दिवशी मी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म मागायला गेले.

नापास झाल्यावर अभ्यास वाढवला. पहाटेचा स्वयंपाक सून करते, भांडी माझ्याकडे. ती आवरली की बसायचं. पुस्तकातला परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, त्यात काय सांगितलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. आधी मी पाठ करत होते. पाठ केलेलं विहारातल्या वाचनासारखंच होतं, तोंडातून जात होतं. ते बंद केलं. महिनाभरात मला एक गोष्ट दिसली: पुस्तक लिहिणाराही चुकू शकतो, आणि तो कुठे चुकला ते मी वहीत लिहू शकते. याआधी छापलेल्या शब्दाशी भांडायची माझी हिंमत नव्हती. आता भांडते.

पण लिहिण्याचा वेग तोच. रविवारच्या वर्गाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "आजी, तुम्हाला येतं. तुम्ही पुढे सरकत नाही." मी म्हणायची, "अर्धवट काम मी देत नाही." त्या कपाळाला हात लावायच्या. त्यांचं म्हणणं डोक्यात जायचं, हातात उतरायचं नाही.

डिसेंबरात मॅडमनी सांगितलं की पुढच्या रविवारी वर्ग नाही. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींचं शिबिर बदलापूरजवळ चामटोलीला होतं आणि त्या त्याच्या प्रमुख होत्या. गावच्या ओढ्यावर बंधारा घालायचा होता. मी म्हणाले, "मीही येते. कात्रपहून मला जवळ आहे."

पहिल्या सकाळी मला बघून मॅडमना बरं वाटलं. "आजी, जेवणाचं बघाल का? स्वयंपाकाला बाई मिळालेली नाही."

"स्वयंपाकच करायचा तर घरी थांबले असते. मी विद्यार्थी म्हणून आलेय."

शिबिराची म्होरकी उल्हासनगरची एक सिंधी मुलगी होती, शेवटच्या वर्षाची. तोंडाने फटकळ. मला आवडली. ती म्हणाली, "मॅडम, आजी को सुई-धागा दे दो. बसून होईल तसं काम आहे."

काम असं होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड दाभणाने सुतळी घालून शिवायचं, आणि त्या ओढ्यात एकावर एक रचायच्या. माझ्याकडे शिवण आली. मी तोंडाची घडी घातली, जवळजवळ टाके घातले, शेवटी गाठ मारून ओढून बघितली. मग दुसरी गोणी घेतली. पाण्यात उभी असलेली मुलं गोण्यांची वाट बघत होती. दुपारपर्यंत माझ्या हातून मोजक्याच गोण्या झाल्या होत्या.

म्होरकी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजी, ये जीन्स नहीं है. गोणी आहे. पाण्याच्या खाली कोण बघणार तुमचे टाके?"

"मी बघते."

"तुम्ही पाण्याखाली जाणार बघायला?"

मुलं हसली. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण टाका लांब घेतला नाही.

मुलांचंही काही शहाणपण नव्हतं. आल्या तेवढ्या गोण्या त्यांनी अलीकडच्या काठाला छातीएवढ्या रचल्या आणि त्यापुढे उभं राहून फोटो काढले. पाणी पलीकडून आरामात चाललं होतं. गावातली एक म्हातारी, माझ्याच वयाची, डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय करताव गं?"

"बंधारा, मावशी," म्होरकी म्हणाली.

"बंधारा? मना वाटला देऊळ बांधताव." ती माझ्याकडे वळली. "तू तरी सांग ना गं या पोरांना. पानी काय तुमची वाट बगत थांबलंय? आधी या तडीपासून त्या तडीपर्यंत जावा. गुडघ्याएवढा झाला तरी चाललं. मंग वर चढवा, टाइम राहिला तर."

एवढं बोलून ती गेली. मुलांना ती काम सांगून गेली. मला ती परीक्षा सांगून गेली. मी हातातली गोणी खाली ठेवली आणि ओढ्याकडे बघितलं. इतके महिने मॅडमनी जे शब्दांनी सांगितलं होतं ते समोर ओढ्यात पडलं होतं. छातीएवढा बांध आणि बाजूने जाणारं पाणी. माझा पहिला प्रश्न तसा होता.

दुसऱ्या दिवशी मी एका तोंडाला चार टाके घातले. चारच. हाताला ते सहन होत नव्हतं. प्रत्येक गोणी पुढे देताना वाटायचं, परत मागावी. मागितली नाही. आदल्या दिवशीचा ढीग मुलांनी उतरवला आणि गोण्या आडव्या पसरल्या. संध्याकाळच्या आत बांध पलीकडच्या तडीला टेकला, गुडघ्याच्या खालीच होता. पाणी मागे फुगायला लागलं. दोन गोण्यांची तोंडं सुटली, माझ्याच. बांध हलला नाही.

म्होरकी म्हणाली, "आजी, दोन सुटल्या."

"बघितलं मी. तू तुझं काम कर."

घरी आल्यावर सुनेला म्हणाले, "तुझ्या फोनवर अर्ध्या तासाचा गजर लाव. मी प्रश्न लिहीन. गजर झाला की मी काहीही बोलले तरी पेन काढून घ्यायचं."

"काहीही बोललात तरी?"

"काहीही."

पहिल्याच दिवशी गजर झाला आणि मी वाक्याच्या मध्ये होते.

"आई, पेन."

"थांब, एवढं..."

"नाही. द्या."

"अगं, दोन शब्द आहेत!"

"तुम्हीच सांगितलंय." तिने माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. मला राग आला. तिलाही कळलं. ती पेन घेऊन ओट्याकडे गेली आणि तिकडे तोंड करून हसत राहिली. तीन महिने रोज हे चाललं. सुनेचं ऐकणं हा माझ्या अभ्यासातला सगळ्यात अवघड विषय होता. पण मधेच तुटलेल्या उत्तरांनी भरलेल्या वह्या साठत गेल्या आणि त्यातली उत्तरं वाचली तर तितकी वाईट नव्हती.

परीक्षा आली. तोच वर्ग, पर्यवेक्षक दुसऱ्या. मी मनगटी घड्याळ काढून बाकावर ठेवलं. पहिल्या प्रश्नाला अर्धा तास झाला तेव्हा मी "म्हणून" एवढा शब्द लिहिला होता. पुढचं सगळं डोक्यात तयार होतं. पान उलटलं आणि दुसरा प्रश्न घेतला. तिसऱ्याला हात मोकळा झाला. पाचवा संपला तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं उरली होती. मागे जाऊन "म्हणून"च्या पुढचं वाक्य लिहिलं. खोडलं काही नाही. पुरवणी लागली. दोरा बांधला आणि गाठ पक्की मारली.

निकालाच्या दिवशी केंद्रावर गेले. सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी सगळे आकडे वाचले. मार्क चांगले नव्हते. मराठीत त्यातल्या त्यात बरे. एकाही विषयापुढे नापास लिहिलेलं नव्हतं. मी कागद पुन्हा वरून खाली वाचला, कारण न तपासता मी काही घेत नाही.

सर म्हणाले, "मग, आजी? नाव कापायचं?"

"दुसऱ्या वर्षाचा फॉर्म काढा."

त्यांनी फॉर्म काढला. मी तिथेच बसून भरला.

माझ्या पहिल्या परीक्षेच्या वर्षी रविवारच्या वर्गात आम्ही सात बायका होतो. एकीचं लग्न झालं, एकीच्या नवऱ्याने नको म्हटलं, दोघी नापास झाल्यावर परत दिसल्या नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तिघी बसलो, तिघीही एकदा नापास होऊन आलेल्या. अंबरनाथची एक अंगणवाडी सेविका, उल्हासनगरची दवाखान्यात काम करणारी एक बाई, आणि मी.